साका आणि निवळ

बदलीच्या नोकरीत घर सजते ते जुन्या बाजारातील वस्तूंनी, आणि पुढच्या बदलीचा हुकूम आला की त्याच वस्तू पुन्हा जुन्या बाजाराची वाट धरतात. कोलकात्यास असलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी असेच एका लिलावाच्या दुकानातून एक काचेचे पात्र घरी आणले. तळाशी रुंद, मानेशी चिंचोळे, अंगावर पैलू पाडलेले आणि हाती घेताच आपल्या वजनाने चकित करणारे असे ते पात्र होते. त्याच्या गळ्यात बारीक साखळीने अडकवलेला चांदीचा अर्धचंद्राकृती पत्रा असून त्यावर सात रोमन अक्षरे कोरलेली होती. आमच्या स्नेह्यांनी ती 'मदिरा' अशी वाचली, आणि कोणा इंग्रज रौप्यकाराने संस्कृत शब्द चांदीवर कोरावा याचा त्यांना मोठा अभिमान वाटला. पुढे कळले की तो शब्द संस्कृत नव्हे. अटलांटिक महासागरातील मदैरा या पोर्तुगीज बेटाचे ते नाव, आणि पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ नुसता 'लाकूड'! परंतु तोपर्यंत ते पात्र बैठकीच्या खोलीतील कपाटावर मानाने विराजमान झाले होते. गोव्याहून आणलेले गोड तांबडे 'पोर्ट' त्यात भरून ठेवलेले असे. पाहुण्यांना त्यातून दिले जाई, आणि यजमान स्वतःही रात्री निजण्यापूर्वी औषधापुरते घेत.

याच सुमारास आमचे दुसरे एक मित्र परदेशातील नेमणूक संपवून परतले. त्यांच्या सामानात बोर्दोच्या तांबड्या मद्याच्या दोन बाटल्या आणि एक पेटी होती. पेटीत एक पसरट बुडाचा काचेचा सुरई, जाळीचे नरसाळे, बाटली तिरपी निजवण्याचा वेताचा पाळणा, आणि बाटलीच्या तोंडाला लावले की मद्याबरोबर हवा ओढून घेणारी एक तोटी एवढा सरंजाम निघाला. शनिवारच्या मराठी बैठकीत या सर्व साधनांची परीक्षा करावयाची असे ठरले. आमच्यापैकी निम्मे लोक मद्यास स्पर्श न करणारे. त्यांनी कोकमाच्या सरबतावर भागवून पंचाचे काम पत्करले.

सर्व सिद्धता झाली असता यजमानांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, दोन प्रश्न विचारले. त्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. पहिला प्रश्न असा : "बाटलीतून सरळ पेल्यात ओतता येत असताना मध्ये हे भांडे कशाला?" दुसरा त्यांनी ते जुने पात्र उचलून पाहून विचारला : "ही काच इतकी जड का आहे?" दोन्ही प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या उत्तरांच्या शोधात आम्हांस जो इतिहास सापडला तो येथे सांगत आहोत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या स्नेह्यांच्या जिवाशी निगडित आहे हे मात्र त्या वेळी आमच्या ध्यानीमनी नव्हते.

इंग्रजीत या पात्रास 'डिकँटर' म्हणतात. हा शब्द मुळात पाकशाळेतला नव्हे, किमयागारांच्या प्रयोगशाळेतला. भांड्याच्या ओठाला किंवा कडेला मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'कँथस' म्हणत, आणि त्याच्याही मुळाशी डोळ्याचा कोपरा या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. खाली बसलेला साका न हलवता, भांड्याच्या कडेवरून वरचे निवळ द्रव्य अलगद ओतून घेणे हा त्या क्रियापदाचा अर्थ. मराठी माणसाला ही क्रिया शिकवावयास नको. तूप कढवताना बेरी खाली राहू देणारी आणि पावसाळ्यातले गढूळ पाणी निथळून घेणारी गृहिणी तेच करीत असते.

आपल्या प्राचीनांनी तर या क्रियेची परिभाषाच केली होती. शार्ङ्गधरसंहितेत सुरेचे थर वरून खाली क्रमाने सांगितले आहेत. अगदी वरची निवळ ती प्रसन्ना, तिच्याखालची दाट ती कादंबरी, तिच्याखाली जगल, त्याहून घट्ट तो मेदक, आणि सत्त्व निघून गेलेला चोथा तो बक्कस. साक्याच्या पायऱ्यांना इतकी नावे देणारी भाषा ओतण्याच्या कलेस अनोळखी कशी असेल? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटले असून त्याचे कापिशायन आणि हारहूरक असे प्रदेशांवरून पडलेले प्रकार नमूद आहेत. मद्य कोणत्या मुलखातले हे नोंदवण्याची पद्धत सरकारी दप्तरात इतकी जुनी आहे हे वाचून आमच्यातील अबकारी खात्याचे गृहस्थ विशेष सुखावले.

मग युरोपात हे स्वतंत्र पात्र केव्हा आणि का आले? पाँपेईच्या अवशेषांत काशाच्या गाळण्या सापडल्या आहेत. मद्यात साका असतो ही गोष्ट रोमन लोकांनाही ठाऊक होती. परंतु पुढे कित्येक शतके मद्य लाकडी पिंपात राही आणि पिंपातून सुरईत काढून त्याच वर्षी संपे. काचेची बाटली नाजूक व महाग होती. ती मेजावर मिरवण्यापुरती, साठवणीच्या कामाची नव्हे.

हे चित्र पालटले ते इंग्लंडात, आणि पालटण्याचे कारण मद्याशी संबंधित नव्हते. गलबतांसाठी लाकूड राखावे म्हणून १६१५ साली राजा पहिला जेम्स याने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी केली. भट्टीवाल्यांना दगडी कोळशाकडे वळावे लागले. कोळशाची आच अधिक तीव्र, त्यामुळे काच अधिक जाड, काळपट आणि मजबूत निघू लागली. अशी मजबूत बाटली घडवण्याचे श्रेय सर केनेल्म डिग्बी या विद्वान सरदारास दिले जाते. नौदलाच्या सोयीसाठी काढलेल्या एका फर्मानाने मद्याचा इतिहास बदलावा, हे सरकारी हुकूम लिहिणाऱ्या आम्हां लोकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. हुकुमाचे फळ कोणत्या झाडाला लागेल हे हुकूम काढणाऱ्याला कळत नाही.

आरंभीच्या बाटल्या कांद्यासारख्या गोल होत्या. त्या उभ्याच ठेवाव्या लागत. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाटली उंच व सरळ अंगाची झाली, आणि ती आडवी निजवता येऊ लागली. आडव्या बाटलीतील मद्य बुचाला भिजवत राहते, भिजलेले बूच फुगून तोंड घट्ट धरते, आणि आतले मद्य वर्षानुवर्षे टिकते. आता तांबड्या मद्यात द्राक्षाच्या सालीतून आलेली तुरट द्रव्ये व रंगद्रव्ये असतात. काळ जाईल तशी ती एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशी बसतात. त्यांच्याबरोबर द्राक्षाम्लाचे खडेही पडतात. मद्याचा तुरटपणा मृदू होण्याची क्रिया आणि साका पडण्याची क्रिया अशा रीतीने बरोबरच चालतात. ज्याला मुरलेले मद्य हवे त्याने साकाही पत्करला पाहिजे, आणि साका पत्करला की निथळून घेण्याचे पात्र आलेच.

या वेळी इंग्रजांच्या मेजावर कोणते मद्य असावे हे त्यांच्या जिभेपेक्षा राजकारणाने ठरवले. सॅम्युएल पीप्स हा नौदल खात्यातील अधिकारी होता, आणि तो रोज दैनंदिनी लिहीत असे. १० एप्रिल १६६३ रोजी त्याने लंडनच्या एका पानगृहात बोर्दोकडील ओ-ब्रिओं या मळ्याचे मद्य चाखल्याची नोंद केली आहे. नावाचे स्पेलिंग त्याने पार बिघडवले, पण चव वेगळी व चांगली असल्याचे नमूद केले. एका विशिष्ट मळ्याच्या मद्याविषयीच्या जुन्या नोंदींत तिचे स्थान मोठे आहे. पुढे फ्रान्सशी युद्धे जुंपली. १७०३ साली मेथुएन तह होऊन पोर्तुगीज मद्यांवरील जकात फ्रेंच मद्यांहून एक तृतीयांश कमी ठरली, आणि इंग्रज दुएरो नदीच्या खोऱ्यातील 'पोर्ट'कडे वळले. या मद्यात द्राक्षाची ब्रँडी घालून त्याचा जोर व गोडी राखली जाई. भेसळ वाढली तेव्हा १७५६ साली पोर्तुगालचा प्रधान, ज्याला आपण पाँबालचा मार्क्विस म्हणून ओळखतो, त्याने कंपनी स्थापून त्या खोऱ्याच्या सीमा आखल्या व दगड रोवले. निवडक सालचे पोर्ट पिंपात सुमारे दोन वर्षे काढून बाटलीत भरत. तेथे ते वीस-तीस वर्षे मुरे, आणि त्याचा साका खपलीसारखा बाटलीच्या कुशीला धरे. आमच्या पेटीतील साधनांची वंशावळ या खपलीशी जाऊन भिडते.

ती साधने कशी चालत ते आता पाहू. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावयाची, म्हणजे साका तळाशी बसतो. उभी करण्यास वेळ नसेल तर ती निजली होती तशीच पाळण्यात ठेवून बूच काढावयाचे. बूच जुने होऊन भुसभुशीत झाले असेल तर तापवलेल्या चिमट्याने बाटलीची मान धरून, लगेच गार फडके लावून, मानच स्वच्छ तोडावयाची. मग मानेखाली मेणबत्ती ठेवून मद्य एका धारेने, हात न थांबवता, पात्रात ओतावयाचे. ज्योतीच्या उजेडात मद्य आधी माणकासारखे दिसते. पुढे धुरासारखी एक काळी रेषा बाटलीच्या खांद्याशी सरकत येते. ती दिसताच हात थांबवावयाचा. जे उरले ते स्वयंपाकघराचे. चांदीच्या नरसाळ्याचे टोक एका बाजूस वळवलेले असे. त्यामुळे धार मध्ये न आपटता पात्राच्या अंगावरून पसरत उतरे. या साऱ्या सरंजामात हवेचा उल्लेख कोठेही नाही हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. डोळा, दिवा आणि स्थिर हात एवढेच काय ते शास्त्र.

पात्र मात्र पारदर्शक हवे, आणि येथे जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या इंग्रज व्यापाऱ्याचे नाव येते. व्हेनिसच्या मुरानो बेटावरील काचेशी स्पर्धा करण्यासाठी त्याने १६७४ साली नव्या काचेचा एकस्वाधिकार मिळवला. आरंभी ती काच तडकून धूसर होई. पुढील दोन-तीन वर्षांत तिच्या मिश्रणात शिशाचा ऑक्साइड घालून त्याने तो दोष काढला. शिशामुळे काच जड झाली, मऊ झाली, पैलू पाडण्यास सोपी झाली आणि प्रकाश अधिक खेळवू लागली. वहिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांस येथे मिळाले. काच जड आहे, कारण तिच्यात शिसे आहे.

या काचेच्या घडणीवरही सरकारची छाया पडली. १७४५ साली इंग्लंडात काचेवर वजनाप्रमाणे कर बसला, आणि तो पुरी शंभर वर्षे, १८४५ पर्यंत, चालला. कर वजनावर म्हटल्यावर कारागीर काच पातळ करून तिच्यावर नक्षी अधिक करू लागले. आयर्लंड बरीच वर्षे या करातून मोकळे होते. त्यामुळे वॉटरफर्डसारख्या ठिकाणी १७८३ पासून जाड, खोल पैलूंच्या काचेचा उद्योग भरभराटीस आला. १८२५ मध्ये कर तेथेही पोहोचला. जुन्या पात्राच्या जाडीवरून त्या काळचे अंदाजपत्रक वाचता येते, असे आमच्या हिशेबखात्यातील मित्रांनी म्हटले ते खरेच आहे.

पात्रात ओतले की मद्याची ओळख जाते. काळी बाटली तळघरात राहिली, मेजावर आल्या चार सारख्या सुरया. त्यातली कोणती कशाची हे कळावे म्हणून १७३० नंतरच्या काळात चांदीच्या नावाच्या पट्ट्या प्रचारात आल्या. आमच्या स्नेह्यांनी 'मदिरा' वाचली ती अशीच एक.

हिंदुस्थानात ही पट्टी येण्याचे कारण सरळ आहे. ईस्ट इंडिया कंपनीची गलबते वाटेत मदैरा बेटास थांबून पिंपे चढवीत. उष्ण कटिबंधातून महिनोन्महिने हेलकावे खात गेलेले ते मद्य बिघडण्याऐवजी सुधारते असा अनुभव आला. मग पूर्वेची फेरी करून परतलेल्या पिंपांना युरोपात जास्त किंमत मिळू लागली. पोर्तुगीज त्याला फेरीचे मद्य म्हणत. बोर्दोच्या मद्याला इंग्रज क्लॅरेट म्हणत, तर इकडच्या साहेबांच्या हिंदुस्थानीत ते 'लाल शराब' झाले, आणि साहेबी उच्चारात त्याचेही 'लोल श्राब' झाले. कोलकात्यात मद्य व पाणी गार करणारा एक स्वतंत्र नोकर असे, त्याला आबदार म्हणत. सोरा विरघळवलेल्या पाण्यात बाटली फिरवून तो ती थंड करी. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडरचे बर्फ बॉस्टनहून गलबतात भरून कोलकात्यास आले, आणि सोऱ्याची गरज संपली. आबदाराची कला गेली, ती कोणी बंद केल्यामुळे नव्हे. तिचे कारणच नाहीसे झाले होते.

डिकँटरच्या बाबतीत मात्र कारण गेले तरी पात्र राहिले, आणि आमच्या शोधातील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच होय. १८६० साली ग्लॅडस्टनने फ्रेंच मद्यांवरील जकात उतरवली आणि दुकानांतून बाटलीबंद मद्य विकण्याची वाट मोकळी केली. बाटलीवर कागदी चिठ्ठी आली. ती मेजावर मिरवण्यासारखी होती, म्हणून चांदीच्या पट्ट्या मागे पडल्या. पुढे मद्य बाटलीत भरण्यापूर्वीच निवळण्याची व गाळण्याची तंत्रे सुधारली. द्राक्षाम्लाचे खडे बाटलीत पडू नयेत म्हणून मद्य आधीच थंड करून ते काढून टाकू लागले. बहुसंख्य तांबडी मद्ये आज तरुणपणीच प्यावयाची असतात आणि त्यांत साका जवळजवळ नसतो. नाशिकच्या मळ्यांतील मद्याची जी बाटली आम्ही परीक्षेसाठी घेतली होती तिला तर बूचही नव्हते, फिरकीचे झाकण होते.

साका गेला तेव्हा पात्राला नवे कारण हवे होते, आणि ते हवेत सापडले. नेपोलियन तिसरा याच्या विनंतीवरून लुई पाश्चरने मद्याच्या विकारांचा अभ्यास केला व १८६६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखवले की हवा मुळीच नसलेल्या बंद नळीत मद्य फारसे बदलत नाही, आणि हवा असलेल्या नळीत त्याचा रंग पालटून साका पडतो. मद्य मुरण्यात प्राणवायूचा हात आहे हे खरे. परंतु आठवडे-महिने चालणारी ही क्रिया पसरट सुरईत अर्ध्या तासात उरकते अशी समजूत पुढे रूढ झाली, तिला पाश्चरचा आधार नाही. बोर्दो विद्यापीठातील एमिल पेनो हे विसाव्या शतकातील मोठे मद्यशास्त्रज्ञ. त्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात स्पष्ट मत दिले की साका असेल तरच मद्य निथळावे, आणि तेही पिण्याच्या आधी अगदी शेवटी. अधिक हवेने सुगंध वाढत नाही, उडून जातो. याला एक अपवाद सांगितला पाहिजे. काही तरुण मद्यांना बाटली उघडताच गंधकासारखा कोंदट वास येतो. तो मोकळ्या हवेत निघून जातो. तेवढ्यापुरती सुरई उपयोगी पडते.

इतके वाचून झाल्यावर आम्ही परीक्षेस बसलो. बोर्दोची बाटली बारा वर्षांची होती. ती मेणबत्तीपुढे निथळताना पुस्तकातील काळी रेषा खरोखरच दिसली, आणि क्षणभर सर्वांचे बोलणे थांबले. दुसरी बाटली मुद्दाम तशीच ओतली. पहिले पेले ठीक होते, शेवटचा गढूळ झाला, आणि त्यात जिभेला कचकच व कडवट तुरटपणा लागला. साक्याबद्दल मतभेद उरला नाही.

नंतर नाशिकच्या मद्याची पाळी. एक पेला सरळ बाटलीतून, एक सुरईत तासभर ठेवून, एक हवेच्या तोटीतून. सरबतवाल्या मंडळींनी पेल्यांच्या तळाशी क, ख, ग अशा चिठ्ठ्या चिकटवून ते आमच्यापुढे मांडले. सुरईतला पेला कोणता हे सहाजणांनी कागदावर लिहावयाचे होते. दोघांचे बरोबर आले. सहाजणांनी डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी सरासरीने तितकेच आले असते. तोटीचे मालक असलेल्या आमच्या मित्रांनी 'ग' पेल्याविषयी, हवेने हा कसा फुलला आहे पाहा, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. 'ग' हा बाटलीतून सरळ ओतलेला होता. त्यांनी तो प्रसंग खिलाडूपणे घेतला, एवढे नमूद केलेच पाहिजे.

सहा माणसांची परीक्षा म्हणजे शास्त्र नव्हे. परंतु आमच्या मित्रांनी वरमण्याचे कारण नव्हते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बोर्दोच्याच ५४ मद्यशास्त्र-विद्यार्थ्यांना पांढरे मद्य गंधहीन रंगाने तांबडे करून दिले होते. त्या तरबेज मंडळींनी त्याच्या वासाचे वर्णन तांबड्या मद्याच्या शब्दांत केले. नाकाआधी डोळा निवाडा देतो. सुंदर पात्रातील मद्य चांगले लागते ते याच न्यायाने, आणि यजमानाने तेवढ्यासाठी ते वापरले तर आमची हरकत नाही. मात्र कारण म्हणून ते सांगावे, रसायनशास्त्राची साक्ष काढू नये.

रसायनशास्त्राची खरी साक्ष वहिनींनी काढली. जड काचेत शिसे आहे हे कळल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "आणि आंबट द्रव्य त्यात महिनोन्महिने ठेवले तर?" उत्तर छापील होते. १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ग्राझिआनो व ब्लम या संशोधकांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लिटरला ८९ मायक्रोग्रॅम शिसे असलेले पोर्ट शिशाच्या स्फटिककाचेच्या पात्रांत चार महिने ठेवले, तेव्हा ते प्रमाण काही पात्रांत दोन हजारांवर तर एकात पाच हजारांवर गेले. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक प्रमाण लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. मेजावर तास-दोन तास ठेवल्याने वाढ अल्प होते, साठवणीत ती भयंकर होते.

शिशाचे विष इंग्रज वैद्यांना अज्ञात होते असे नव्हे. डेव्हनशायरमधील सफरचंदाच्या मद्याने होणारा पोटशूळ शिशामुळे होतो हे जॉर्ज बेकरने १७६७ सालीच दाखवले होते. १८५९ साली गॅरड या वैद्याने वातरक्ताच्या रोग्यांत शिशाचे काम करणारे किती आढळतात याकडे लक्ष वेधले होते. घाण्यातले शिसे दिसले, रंगाऱ्याच्या हातचे दिसले. रोज संध्याकाळी मेजावर चमकणाऱ्या पात्रातले दिसावयास १९९१ साल उजाडावे लागले. ते पात्र मद्य शुद्ध करण्यासाठीच होते ना, मग त्याचा संशय कोण घेणार!

आमच्या स्नेह्यांनी त्याच रात्री कपाटावरचे पोर्ट मोरीत ओतले. ते त्या पात्रात सात महिने होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी रक्त तपासावयास दिले. अहवाल येईपर्यंतच्या आठ दिवसांत त्या घरी कोणी विनोद केला नाही. वहिनी महाविद्यालयात जात, परत येत, आणि दाराशी टपालाची पेटी पाहत. अहवालात प्रमाण मर्यादेच्या आत निघाले. रात्रीचा पेला लहान होता, एवढीच त्यांची पुण्याई. ज्यांना आपण आदराने त्या पात्रातून ओतून दिले त्या पाहुण्यांची यादी त्यांनी आठवून काढली आणि एकेकाला पत्र लिहिले. आमच्या मते त्या साऱ्या प्रकरणातील हे सर्वांत कठीण काम होते.

आपल्याकडे गढूळ पाणी निवळण्यासाठी मडक्याच्या आतून निवळीचे बी घासतात. संस्कृतात त्या झाडास कतक म्हणतात. मनुस्मृतीत त्याचा दृष्टांत आहे. कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते हे खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, अशा आशयाचा तो आहे. बाह्य चिन्हे धर्माचे कारण होत नाहीत असे तेथे सांगावयाचे आहे. मेजावरच्या पात्रालाही ते लागू पडते, आणि आमच्या कचेऱ्यांतील कित्येक लाल फितींनाही. फीत एके काळी सुटे कागद बांधण्यासाठी होती. कागद गेले, संगणक आले, तरी मन अजून फीत शोधते. म्हणून जुने सारे मोडून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. ज्या बोर्दोच्या बाटलीत साका होता तिला मेणबत्ती, नरसाळे आणि स्थिर हात आजही लागले. जुन्या पद्धतीपुढे तिचे कारण विचारावे, असेल तर ती मनापासून पाळावी, नसेल तर शोभा म्हणून ठेवावी, आणि तिच्यात काय मुरत पडले आहे तेही अधूनमधून पाहावे, एवढाच आमचा अनुभव.

आमच्या स्नेह्यांची आता शिलाँगला बदली झाली आहे. सामान बांधताना ते पात्र लिलावाच्या दुकानात परत धाडावे की काय, यावर बराच खल झाला. अखेर वहिनींनी ते जुन्या साड्यांत गुंडाळून पेटीत ठेवले, आणि पुढे ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी चांदीच्या पट्टीमागे एक कागद बांधला. कागदावर सरकारी टिपणाच्या शिस्तीत दोन ओळी आहेत : "काच शिशाची आहे. मेजावर घटकाभर चालेल, साठवण करू नये."